निवड आणि निश्चय : तारणाच्या खात्रीविषयी एक पाठ

धर्मशिक्षणाच्या तासाला वरच्या वर्गांतील विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न दरवर्षी हटकून येतो. देवाने आपली माणसे तारणासाठी निवडली आहेत असे शास्त्र सांगते. तर त्या निवडलेल्यांत मी आहे किंवा नाही, हे मला कसे कळावे? कोणी हा प्रश्न केवळ वादाची हौस म्हणून विचारतो. परंतु पुष्कळदा विचारणाऱ्याच्या मुद्रेवरूनच दिसते की, तो रात्री अंथरुणावर पडल्यावरही त्याला सोडीत नाही. पालकांनाही हीच काळजी निराळ्या रूपाने असते. मुलाचा बाप्तिस्मा झाला, त्याला स्तोत्रे पाठ येतात, रविवारी तो उपासनेस जातो. पण तो खरोखर प्रभूचा झाला आहे काय?

आमच्या वाचकांत इतर धर्मांचे विद्यार्थी व पालक पुष्कळ आहेत. शेजाऱ्याचा विश्वास नीट समजून घेणे हाही शिक्षणाचा भाग होय; म्हणून हा पाठ त्यांनीही वाचावा अशी आमची विनंती आहे.

१. शब्दांचे अर्थ

प्रथम दोन शब्द वेगळे करू. 'निवड' ही देवाची कृती आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की, जगाच्या स्थापनेपूर्वी देवाने आपणांस ख्रिस्ताच्या ठायी निवडले. म्हणजे आपण काही चांगले करण्यापूर्वी, किंबहुना आपण असण्यापूर्वीच, त्याची कृपा आपल्याकडे वळलेली होती. 'निश्चय' अथवा 'खात्री' ही मनुष्याच्या अंतःकरणातील गोष्ट आहे. आपण देवाचे आहो, त्याने आपल्या पापांची क्षमा केली आहे व तो आपणांस शेवटपर्यंत सोडणार नाही, हे विश्वासणाऱ्यास कळणे म्हणजे निश्चय.

ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे घोटाळा होतो. पाळण्यातले मूल आपल्या आईचे असते. परंतु आपण हिचे आहो हे त्याला कळू लागण्यास काही महिने जावे लागतात. तोपर्यंत ते तिचे नव्हते असे कोणी म्हणत नाही. त्याचप्रमाणे निवड आधीची असते. तिची जाणीव मागाहून येते, आणि ती सर्वांस एकाच वेळी किंवा एकाच रीतीने येत नाही.

२. निवडीचा पहिला धडा आमच्याच किनाऱ्यावर

निवडीचा विचार पवित्र शास्त्रात एकेका मनुष्यापासून सुरू होऊन लवकरच एका राष्ट्रापाशी येतो. अनुवादाच्या सातव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना बजावतो की, तुम्ही संख्येने मोठे म्हणून परमेश्वराने तुम्हांस निवडले असे नाही, तुम्ही तर सर्व राष्ट्रांत थोडे होता. त्याने तुमच्यावर प्रीती केली व पूर्वजांना दिलेली शपथ पाळली, एवढेच त्याचे कारण. ह्याच्याही आधी अब्राहामाला बोलावताना देवाने सांगितले होते की, तुझ्या द्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील. तेव्हा निवडीची दोन लक्षणे आरंभीच ठरून गेली. तिचे कारण देवाच्या प्रीतीत आहे, निवडलेल्याच्या योग्यतेत नाही. आणि ती दुसऱ्यांना वगळण्यासाठी नसून दुसऱ्यांपर्यंत आशीर्वाद पोहोचावा म्हणून आहे.

हा धडा शिकण्यासाठी आपणांस यरुशलेमेस जावयास नको. आपल्या नागावाहून अलिबाग व तेथून उत्तरेस थळच्या बाजूस गेले म्हणजे नवगाव लागते. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी आहे की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत ह्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि लाटांनी किनाऱ्यावर आणलेली प्रेते नवगावास पुरण्यात आली. ही जागा तो समाज आजही पूज्य मानतो. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. पुढे त्यांची भाषा मराठी झाली, पोशाख येथला झाला, धंदा तेल गाळण्याचा झाला, आणि केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे पडली. परंतु शनिवारी ते घाणा चालवीत नसत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलांची आठव्या दिवशी सुंता करणे, खवले व पर नसलेला मासा न खाणे आणि एकच देव आहे अशी कबुली देणारी एक छोटी हिब्रू प्रार्थना म्हणणे, एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

ग्रंथ नाही, मंदिर नाही, याजक नाही, राज्य नाही. तथापि आपण कोणाचे आहो हे ह्या लोकांनी विसरू दिले नाही. त्यांच्या निवडीची खूण काय होती, असे विचारले तर तो थांबलेला घाणा दाखवावा लागेल. एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून त्यांनी ती सांभाळली. मिशन शाळांचाही ह्या समाजाशी जुना संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभीच्या शाळांत बेने इस्राएल शिक्षक होते, आणि डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले ते मुख्यत्वेकरून ह्यांच्याच उपयोगासाठी. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर ह्यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. रायगड जिल्ह्यात आता थोडीच घरे उरली आहेत; पण अलिबागची इस्राएल आळी आणि अलिबाग व रेवदंडा येथील सभास्थाने त्यांची आठवण देत उभी आहेत.

ख्रिस्ती वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल विदेश्यांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट बजावतो की, तुम्ही जैतुनाच्या झाडाला मागून लावलेल्या फांद्या आहा. मुळाने तुम्हांस उचलून धरले आहे, तुम्ही मुळाला नव्हे. तेव्हा अभिमान धरू नका. देवाने दिलेली देणगी व पाचारण तो मागे घेत नाही, हेही तो तेथेच सांगतो. निवडीच्या शिकवणीतून जो शेजाऱ्याचा तिरस्कार करावयास शिकला, त्याने ती शिकवण उलटी वाचली.

३. मंडळीतील मतभेद

ह्या विषयावर मंडळीत थोरथोर लोकांचे मतभेद झाले आहेत. ते थोडक्यात सांगतो. ४३० साली मृत्यू पावलेले हिप्पोचे बिशप ऑगस्टीन ह्यांनी, मनुष्य देवाकडे वळतो तो प्रथम देवाने त्याला वळविल्यामुळेच, असे प्रतिपादिले. सोळाव्या शतकात कॅल्विनने हे मत सविस्तर मांडले. हॉलंडात आर्मिनियसच्या अनुयायांनी त्यास हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो व त्यानुसार निवडतो. डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या सभेने ते अमान्य केले. पुढे जॉन वेस्ली ह्यांनी आर्मिनियसचा पक्ष घेतला. परंतु तारणाचा निश्चय प्रत्येक विश्वासणाऱ्यास मिळू शकतो, ह्यावर त्यांचा मोठा भर होता. त्यांना स्वतःला तो २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका लहान सभेत मिळाला. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते दीक्षित पाळक होते. रोमन कॅथोलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली असे ठरविले की, विशेष प्रकटीकरण झाल्यावाचून आपण निवडलेल्यांपैकी आहो असे कोणी पूर्ण खात्रीने मानू नये. आशा मात्र दृढ धरावी.

महाराष्ट्रात सुवार्ता आली ती ह्या सर्व वाटांनी. रेवदंडा व कोर्लई येथे पोर्तुगिजांच्या काळापासून कॅथोलिक मंडळी आहे. मुंबईस १८१३ साली आलेले अमेरिकन मिशनरी व त्यांच्यामागून आलेले स्कॉटिश मिशनरी कॅल्विनच्या परंपरेतले होते. १८७१ नंतर येथे पाय रोवणारे मेथडिस्ट वेस्लींच्या. ह्या सर्वांचे एका गोष्टीत एकमत आहे : तारणाचा आरंभ कृपेने होतो, आपल्या पुण्याने नव्हे. विद्यार्थ्यांनी ही एकवाक्यता आधी मनात ठसवावी, मग मतभेदांचा अभ्यास करावा.

४. तीन मराठी साक्षी

वाद बाजूस ठेवून आता माणसांकडे वळू. आपल्या भाषेत बोलणाऱ्या तीन थोर व्यक्तींस निश्चय कसा मिळाला, किंवा मिळाला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

पहिले नारायण वामन टिळक. १८९३ च्या सुमारास ते आगगाडीने नागपूरहून राजनांदगावास चालले असता एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला व तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा खरे वाटले नाही. परंतु शब्द दिला म्हणून ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर दुभंगले, लक्ष्मीबाईंची व त्यांची कित्येक वर्षे ताटातूट झाली, आणि पुढे त्याही स्वतंत्र विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्या अनोळखी प्रवाशाचे नावही टिळकांना कधी कळले नाही. त्या भाकितावरून भविष्यकथनाचा सिद्धांत काढू नये. आम्हांस ह्यातून एवढेच दिसते की, टिळक देवाला शोधावयास निघण्यापूर्वीच कोणी तरी त्यांना शोधीत डब्यात येऊन बसले होते. मागे वळून पाहणाऱ्यास निवड दिसते. पुढे पाहताना ती क्वचितच दिसते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा व बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडातील वाँटेज येथे. परत आल्यावर त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले. अशा बाईस तारणाच्या खात्रीची काय उणीव असणार, असे कोणासही वाटेल. परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी निर्भयपणे सांगितले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपणांस एक चांगला धर्म सापडला होता, पण धर्माचे जे जीवन तो ख्रिस्त स्वतः सापडला नव्हता. ह्या काळात विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. हा पाळक १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करीत असता पालटला होता. ते वाचून रमाबाई विचारात पडल्या, शास्त्र पुन्हा शोधू लागल्या, आणि १८९१ च्या सुमारास, आपली योग्यता नव्हे तर ख्रिस्ताने केलेले कार्य हाच आपला आधार, ही गोष्ट त्यांना शांती देऊन गेली. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतांतून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या व केडगावास मुक्तिसदन उभे राहिले. आता विचार करा. त्या आठ वर्षांत रमाबाई देवाच्या नव्हत्या काय? त्यांचा निश्चय नव्हता, निवड होती. शिवाय निश्चय मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. स्वतःच्या तारणाची चिंता संपली म्हणजे मनुष्याचे हात दुसऱ्यांसाठी मोकळे होतात.

तिसरे नेहेम्या नीळकंठ गोऱ्हे. हे कोकणस्थ ब्राह्मण कुळातले, काशीस वाढलेले पंडित. मिशनऱ्यांच्या मताचे खंडन करावे म्हणून ते पुढे झाले व १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. त्यांच्या लेखनाचा रमाबाईंच्या विचारांवरही मोठा परिणाम झाला. परंतु गोऱ्ह्यांचे मन १८९५ साली मृत्यू येईपर्यंत शंकांनी व्याकूळ होत असे. सार्वकालिक दंडाच्या कल्पनेने त्यांना फार छळले. पुष्कळांना त्यांच्या ग्रंथांनी खात्री दिली; त्यांना स्वतःला ती सुखाने क्वचितच भोगता आली. तथापि त्यांनी प्रभूचा हात सोडला नाही. त्यांची कन्या एलन लक्ष्मी गोऱ्हे हिने इंग्रजीत रचलेले, देवाच्या सान्निध्यात मिळणाऱ्या विसाव्याचे स्तोत्र देशोदेशी गाइले गेले. जो विसावा बापाला दुर्मिळ झाला, त्याचे गीत लेकीच्या तोंडी आले. स्कॉटिश मंडळीने मान्य केलेल्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीत म्हटले आहे की, निश्चय हा विश्वासाचा असा अंश नव्हे की त्यावाचून विश्वासच नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यासही त्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागेल व झुंजावे लागेल. गोऱ्ह्यांकडे पाहिले म्हणजे ह्या वाक्याचा अर्थ उमगतो.

५. खात्री कशावर उभी राहते?

शास्त्र खात्रीचे तीन आधार सांगते. पहिला, देवाचे वचन. जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही, अशा अर्थाचे प्रभूचे अभिवचन योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. दुसरा, पवित्र आत्म्याची साक्ष. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की, आपण देवाची मुले आहो असे तो आत्मा आपल्या आत्म्याबरोबर ग्वाही देतो. तिसरा, जीवनातील फळ. योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की, आपण बंधूंवर प्रीती करतो, ह्यावरून आपण मरणातून जीवनात गेलो आहो हे आपणांस कळते.

हा क्रम ध्यानात ठेवावा. फळ ही खूण आहे, पाया वचन आहे. स्वतःच्या भावना रोज तपासून जो निश्चय मिळवू पाहतो, त्याची स्थिती भरतीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून कुलाबा किल्ला वाहून गेला की काय असे विचारणाऱ्यासारखी होते. ओहोटीला किल्ल्यात पायी जाता येते, भरतीला वाट बुडते. किल्ला मात्र दोन्ही वेळा जेथल्या तेथेच असतो. प्रार्थनेत गोडी वाटते ते दिवस ओहोटीचे समजा, मन कोरडे होते ते भरतीचे. वाट दिसत नाही एवढ्याने किल्ला गेला असे ठरत नाही.

६. दोन धोके आणि एक कठीण प्रश्न

पहिला धोका गर्वाचा. ख्रिस्ती घरात जन्म झाला, मंडळीच्या नोंदवहीत नाव आहे, म्हणून आपण निवडलेले, असे कित्येक मुले धरून चालतात. पेत्र दुसऱ्या पत्रात सांगतो की, आपले पाचारण व निवड दृढ करण्याचा यत्न करा. आणि तो यत्न म्हणजे विश्वासात सात्त्विकता, इंद्रियदमन, धीर, बंधुप्रेम ह्यांची भर घालणे. वर्गात नक्कल करून शनिवारी प्रार्थनासभेत पुढे बसणाऱ्याने हे वचन आधी वाचावे.

दुसरा धोका निराशेचा. मी निवडलेला नसेन तर माझ्या प्रार्थनेचा उपयोग काय? अशा विद्यार्थ्यास आमचे सांगणे हे की, देवाच्या गुप्त संकल्पापासून आरंभ करू नये. उघड निमंत्रणापासून करावा. निमंत्रण सर्वांस आहे. जो येतो त्याला आत गेल्यावर कळते की, आपणांस आधीच बोलाविले होते. तारणाची तळमळ हीच मुळी मेलेल्या मनाची खूण नव्हे.

आता कठीण प्रश्न. एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मागे राहून आम्हांस विचारले होते : "सर, माझी आजी फार चांगली होती. तिने ख्रिस्ताचे नावही कधी ऐकले नाही. ती निवडीच्या बाहेर का?" असा प्रश्न मुलांना आपल्या माणसांवरच्या मायेतून सुचतो, त्याला पाठ केलेले उत्तर फेकून मारू नये. तारण आहे ते ख्रिस्ताच्या द्वारेच, असा आमचा विश्वास आहे, आणि म्हणूनच सुवार्ता सांगण्याचे काम सोडता येत नाही. पण टाकलेल्यांची यादी देवाने कोणाही मनुष्याच्या हाती दिलेली नाही. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहामाने सर्व जगाच्या न्यायाधीशाच्या न्यायीपणावर भिस्त ठेविली. पौलाने निवडीवर सर्वांत गहन असे जे अध्याय लिहिले, त्यांचा आरंभ आपल्या जातभाईंसाठी वाटणाऱ्या अखंड दुःखाने केला आहे, व शेवट देवाच्या ज्ञानाच्या अगाधपणापुढे स्तुती करून केला आहे. त्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो की, तुझ्या आजीवर तुझ्यापेक्षा देवाची प्रीती कमी असेल असे मनात आणू नकोस. तिला न्यायी व दयाळू हातांत सोपव, आणि जे तुला ऐकावयास मिळाले आहे त्याला तू उत्तर दे.

पालकांस एक विनंती. मुलांकडून निश्चयाचे शब्द घाईने वदवून घेऊ नयेत. उसने शब्द मुले लवकर शिकतात व पुढे तितक्याच लवकर टाकतात. घरातील प्रार्थना नियमित असावी, कबूल केलेला शब्द पाळला जावा, मोलकरणीशी बोलताना व दुकानदाराचा हिशेब चुकता करताना आईबापांचा धर्म दिसावा. तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीच्या व आईच्या ठायी वसला होता, हे पौलाने मुद्दाम लिहून ठेविले आहे.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेचा निकाल लागेपर्यंत धाकधूक असते, कारण तेथे आपल्या गुणांवर सर्व अवलंबून असते. तारणाचा निकाल दुसऱ्याच्या गुणांवर लागला आहे. हे ज्याला कळले त्याने अभ्यास टाकू नये. उलट, आता भीतीने नव्हे तर कृतज्ञतेने झटावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. अनुवाद ७ वाचून निवडीची कारणे लिहा. योग्यतेचा उल्लेख तेथे का नाही?
२. बेने इस्राएल समाजाने कोणत्या गोष्टी जपल्या? त्यांतील कोणत्या गोष्टीसाठी त्यांना तोटा सोसावा लागला?
३. टिळक, रमाबाई व गोऱ्हे ह्यांच्या अनुभवांत साम्य कोणते व भेद कोणता?
४. रोमकरांस ८ आणि १ योहान ३ ह्या अध्यायांतून खात्रीचे आधार शोधून काढा.
५. निवडीची शिकवण मानणाऱ्याने इतर धर्मांच्या शेजाऱ्याशी कसे वागावे? घरी आईबापांशी चर्चा करून उत्तर लिहा.